ढोबळी मिरचीचं फूल आणि घरचं निमंत्रण

ढोबळी मिरची आडवी कापली की तिच्या कडेला फूल दिसतं, कधी तीन पाकळ्यांचं, कधी चार. तो काप पोस्टर कलरला टेकवून कागदावर दाबला की फूल उठतं, आणि प्रत्येक मिरचीचं निराळं उठतं. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोडच्या मधलं वाणगाव मिरचीसाठीच ओळखलं जातं, तिखट मिरचीसाठी आणि ढोबळीसाठीही. तेव्हा इथल्या कुटुंबाला आपल्या मेळाव्याच्या पत्रिकेवर काय चिन्ह टाकावं म्हणून मोबाइल चाळत बसायची गरज नाही. शेतावरून टोपलीभर मिरच्या आणाव्यात आणि सहा वर्षांच्या नातीपासून साठीच्या काकांपर्यंत सगळ्यांना ओट्यावर शिक्के मारायला बसवावं.

पण शिक्क्याची पाळी शेवटी येते.

घराण्याच्या मेळाव्याचं निमंत्रण आणि लग्नाची पत्रिका यांत एक फरक आहे. लग्नाला बोलावलेल्या माणसाला आपल्याला का बोलावलंय ते माहीत असतं. मेळाव्याचं पाकीट उघडणारा चुलतचुलत भाऊ मात्र आधी मनात म्हणतो, ही मंडळी कोण आणि यांच्यात मी कुठे बसतो? आत्याच्या नातवाला तर हा प्रश्न हमखास पडतो. ज्या पत्रिकेत त्याचं उत्तर असतं ती वाचून माणूस गाडीत बसतो. सोनेरी नक्षीच्या, देखण्या, पण सगळ्यांना सारख्याच अशा पत्रिका चार दिवस टीव्हीजवळ राहतात आणि रद्दीत जातात. ही पत्रिका घरी करायची ती पैसे वाचवण्यासाठी असं कोणी समजत असेल, तर त्याने आधी जाड कागदाचे भाव विचारून यावेत. घरी करायची ती एवढ्यासाठी, की कोणाला काय लिहायचं हे छापखान्याला माहीत नसतं.

वाणगावच्या परिसरात तर माणसं हलली तशा सीमाही हलल्या. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावर ते पलीकडे गेलं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. पणजोबांच्या कागदावर जिल्हा ठाणे, पणतवंडाच्या दाखल्यावर जिल्हा पालघर आणि उंबरगावात दिलेल्या आत्याच्या मुलांच्या दाखल्यावर गुजराती अक्षरं, असं एकाच घरात होऊ शकतं. मूळ घर जागचं हललेलं नसतं. त्यात १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आणि १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. कोणी बोईसरला खोली घेतली, कोणी विरारला फ्लॅट, कोणी वापीत संसार मांडला. भाऊबंद तासा-दीड तासाच्या अंतरावर राहतात आणि भेटतात ते कोणाच्या तरी दहाव्याला.

म्हणून पहिली खरेदी कार्डांची नको. भिंतभर लावता येईल असा खाकी कागदाचा रोल आणावा, आणि चार-पाच रंगांचे जाड स्केचपेन. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला दुपारची झोप आणि चहा झाल्यावर त्या कागदासमोर बसवावं. एकाने विचारावं, एकाने लिहावं, तिसऱ्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा. ‘आपले नातेवाईक कोण कोण?’ असं विचारलं तर आजी पाच नावं सांगून थांबते. ‘तुझ्या लग्नात पंगतीला वाढायला कोण होतं?’, ‘आजोबा गेले तेव्हा मुंबईहून कोण आलं होतं?’ असं विचारलं तर पंचवीस नावं निघतात, आणि त्यांतली दोन माणसं अजून एकमेकांशी का बोलत नाहीत तेही कळतं. ते मात्र रोलवर लिहू नये.

पुढचा शोध कागदपत्रांत. जुन्या लग्नपत्रिका हा यातला सगळ्यात दुर्लक्षित खजिना. ‘आपले विनीत’खाली छापलेली नावांची रांग म्हणजे त्या वर्षीची त्या घराची शिरगणतीच. कोण हयात होतं, कोणाचं लग्न झालं होतं, कोण रुसलं होतं, सगळं तिथे दिसतं. जमीन असेल तर सातबाऱ्यामागच्या फेरफार नोंदी पाहाव्यात. कोणी गेल्यावर वारस म्हणून मुलांबरोबर मुलींचीही नावं लागलेली असतात. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी क्रियाकर्मासाठी गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांत दोन-तीन पिढ्यांची नावं आणि गाव सापडण्याची शक्यता असते. घरातली जुनी टेलिफोनची डायरीही रद्दीत गेली नसेल तर काढावी. नंबर मेलेले असले तरी नावं जिवंत असतात.

मराठीत या कामाची मोठी परंपरा आहे. आपटे, गोखले अशा कितीतरी घराण्यांनी विसाव्या शतकात जाडजूड कुलवृत्तांत छापले, आणि कुलसंमेलनं भरवून ते पुढे चालवले. त्यांची चिकाटी घ्यावी, एक खोड मात्र सोडावी. कुलवृत्तांत मुलग्यांच्या वंशाने पुढे सरकतो. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी सहसा एका ओळीत आटोपते. मेळाव्याच्या यादीत असं झालं तर निम्मं घर बाहेरच राहतं. शिवाय आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती, त्यामुळे एकच आत्या माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्याच नावाने ओळखली जाते. यादीत दोन्ही नावं लिहावीत. पाकिटावर सासरचं नाव घालावं आणि आत, मजकुराच्या सुरुवातीला, माहेरच्या नावाने हाक मारावी. सत्तरीच्या आत्याला ती हाक कागदावर किती वर्षांनी भेटत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

नावांमागच्या उपाधींचाही एकदा निकाल लावून घ्यावा. ‘श्री. व सौ.’ लिहिलं की सौभाग्यवती नसलेली प्रत्येक बाई आपोआप वेगळ्या रांगेत जाते. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव राज्याच्या मंत्र्यांकडून पुढे आला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. घरच्या पत्रिकेत नुसती नावं आणि नाती पुरतात: आत्या, मोठीआई, नानाकाका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत राज्याने वडिलांच्या आधी आईचं नाव लावायला सुरुवात केली आहे. सरकारी दाखल्याला जे जमलं ते घरच्या पत्रिकेला जमायला हरकत नाही.

यादी भिंतीवर नीट उमटली की फांद्या दिसू लागतात. मूळ जोडप्याची जितकी मुलं-मुली तितक्या फांद्या. प्रत्येक फांदीला एक रंग द्यावा: थोरल्याला लाल, मधल्याला पिवळा, लेकीच्या फांदीला हिरवा. इथे ढोबळी मिरची पुन्हा कामाला येते. पत्रिकेवरचं फूल त्या त्या फांदीच्या रंगात छापायचं, आणि मेळाव्याच्या दिवशी छातीवर लावायच्या नावाच्या चिठ्ठीवरही तेच फूल. ओळख नसलेली दोन माणसं समोरासमोर आली की निदान ‘तुम्ही पिवळे का?’ एवढं तरी बोलणं सुरू होतं.

कार्डाच्या मागे चार ओळी हाताने लिहाव्यात. सगळ्यात वर पणजोबा-पणजी, खाली त्यांची धाकटी लेक, तिच्याखाली तिचा मोठा मुलगा आणि शेवटी पाकीट ज्याच्या नावाचं आहे तो. नावांच्या मध्ये छोट्या रेघा, शेवटच्या नावाभोवती एक गोल. झालं. शंभर कार्डांवर शंभर वेगवेगळ्या चारओळी लिहायला दोन संध्याकाळी लागतात, पण या पत्रिकेतला हाच भाग लोक जपून ठेवतात. जन्मतारखा आणि फोन नंबर मात्र त्यात घालू नयेत. कार्डाचे फोटो पुढे कुठवर फिरतील याचा नेम नसतो.

आता मजकूर. संस्कृत व्याकरणात निमंत्रण आणि आमंत्रण यांत फरक केलेला आहे. पाणिनीच्या विध्यर्थाच्या सूत्रात हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी येतात, आणि टीकाकार सांगतात की निमंत्रण टाळता येत नाही, आमंत्रण स्वीकारावं की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर असतं. आज आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. तरी मेळाव्याचा मजकूर लिहिणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवलेला बरा. येण्याबद्दल निमंत्रण असावं, वर्गणीबद्दल आमंत्रण.

लग्नपत्रिकेची भाषा इथे उसनी आणू नये. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ने सुरुवात झाली की वाचणारा मजकूर सोडून थेट तारखेवर उडी मारतो. खेड्यापाड्यांतलं तोंडी आवतण बघा, किती कमी शब्दांत काम करतं! ‘चूलबंद’ म्हटलं की त्या दिवशी घरातल्या कोणीच घरी जेवायचं नाही, सगळ्यांनी यायचं, हे एका शब्दात कळतं. लिहायचं तर असं काहीतरी लिहावं:

‘रविवारी आपण सगळे वाणगावच्या जुन्या घराच्या ओट्यावर भेटतोय. सकाळी नऊला चहा-पोहे, दुपारी पंगत, संध्याकाळी पाचच्या आत निरोप, म्हणजे लांबच्यांना गाडी मिळेल. तुम्हाला चूलबंद आवतण आहे. मुलांना, सुनांना, जावयांना घेऊन या. घरात जुना फोटो असेल तर आणा, मोबाइलवर टिपून तिथेच परत देऊ. वर्गणी घरटी ठरवली आहे, सोबतच्या चिठ्ठीत लिहिली आहे. ज्यांना अडचण असेल त्यांनी तिचा विचारच करू नये, यायचं मात्र नक्की.’

यात हिवाळा असेल तर जेवणाचाही एक शब्द घालावा. ‘उकडहंडी लावणार आहोत’ हे वाक्य पालघर-वसईच्या माणसाला बाकीच्या सगळ्या आग्रहापेक्षा भारी पडतं. घरात वाडवळी, मांगेली, वारली अशी काही बोली बोलली जात असेल तर निदान एक ओळ त्या बोलीत यावी, आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडूनच घ्यावी. पुस्तकी मराठी वळवून केलेली बोली पहिल्या वाचनातच ओळखू येते. उंबरगाव-वापीकडच्या फांदीसाठी तारीख, वेळ आणि जागा एवढं गुजरातीत मागे लिहिलं तर तिथली पोरं मजकूर वाचून घ्यायला आजीकडे धावणार नाहीत. अर्थात धावली तर वाईट नाही.

तारीख ठरवताना या पट्ट्यात कोणाचं ना कोणाचं काम आडवं येतंच. भात कापणीला आलं की शेतकरी फांदी अडकते, मिरचीचे तोडे सुरू झाले की पुन्हा अडकते. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर नातं असेल तर मासेमारी बंदीच्या जून-जुलैत होड्या किनाऱ्याला असतात, पण तेव्हा पाऊस आणि लावणी. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेचे दिवस येतात. सगळ्यांना सोयीचा दिवस सापडत नाही, म्हणून दोन-तीन तारखा काढून प्रत्येक फांदीतल्या एकाला विचारावं आणि मग मागे वळून पाहू नये. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. नागपूर-बडोद्याकडचे नातेवाईक हिशेबात धरले, तर नुसती तारीख तीन महिने आधी फोनवर कळवावी आणि हातातली पत्रिका त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने पोचली तरी चालते. ठरलेली तारीख, वार आणि तिथी ‘कालनिर्णय’समोर धरून ताडून पाहावी. पत्रिकेतली सगळ्यात नेहमीची चूक शुद्धलेखनाची नसते. तारीख शनिवारची आणि छापलंय रविवार, अशी ती असते.

वाट सांगताना गावकऱ्याने पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहायला हवं. वाणगाव चर्चगेटपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे. लोकल येते, पण विरारच्या पुढे गाड्या कमी होतात आणि एक चुकली तर बराच वेळ फलाटावर काढावा लागतो, हे अंधेरीत राहणाऱ्या भाच्याला माहीत नसतं. गाड्यांच्या वेळा कार्डावर छापू नयेत, वेळापत्रक बदलतं. त्या शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर पाठवाव्यात. कार्डावर मात्र रुळांच्या कोणत्या बाजूला उतरायचं, पूर्वेला की पश्चिमेला, आणि पाड्याचं किंवा आळीचं नाव हे हवंच. मोटारीने मुंबईकडून येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग ४८ वर चिल्हार फाट्याला वळून बोईसरमार्गे, आणि गुजरातकडून येणाऱ्यांना चारोटी नाक्याहून डहाणूमार्गे, एवढं सांगितलं तरी पुरतं. नकाशाचा क्यूआर कोड घालायचा तर तो निदान दोन सेंटिमीटर लांब-रुंद असावा, छापल्यावर तीन वेगवेगळ्या फोनवर तपासावा, आणि काही दिवसांनी बंद पडणाऱ्या फुकट सेवेवरून बनवू नये. शेजारी वर्गणीचा कोड मुळीच नको. एखादे काका नकाशा समजून पैसे भरतील आणि पैसे भरूनही रस्ता चुकतील.

काही घरांना पत्ताच देता येत नाही. तारापूर केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, लोक पुनर्वसन वसाहतींत गेले. अशा घराच्या पत्रिकेवर नव्या पत्त्याबरोबर जुन्या आळीचा हाती काढलेला नकाशा यायला हवा: विहीर कुठे होती, देऊळ कुठे, कोणाचं घर कोणाला लागून. असा नकाशा एकट्याने काढू नये. चार म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवलं की विहिरीच्या जागेवरून वाद होतो, आणि त्या वादातून नकाशा नीट होतो. प्रमाण चुकलं तरी बिघडत नाही. वाढवण बंदराच्या पायाभरणीनंतर या किनाऱ्यावर ओळखीच्या खुणा आणखी बदलणार आहेत. ज्या घरांचे पत्ते आज जागेवर आहेत त्यांनीही हे काम मेळाव्याच्या निमित्ताने उरकून घ्यावं.

डहाणू तालुक्यातली पत्रिका म्हटली की वारली चित्र आलंच, आणि इथे थोडं थांबायला हवं. वाणगाव ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचं हे चित्र कागदावर आणि कापडावर नेलं, जगभर पोचवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची मान्यताही मिळाली. तरी लोक काय करतात, तर इंटरनेटवरून तारपा नाचाची एक रांग उतरवतात आणि कार्डाच्या खालच्या कडेला चिकटवतात. त्या चित्रात कधी कधी माणसांचे हात सुटलेले असतात, तारपा वाजवणारा रांगेच्या बाहेर उभा असतो, आणि ते काढणाऱ्याने तारपा कधी पाहिलेलाच नसतो. लग्नचौक तर आणखी वेगळा. तो लग्नविधीचा भाग आहे, त्यात पालघट देवी असते. सुवासिनी तो काढतात, धवलेरी विधीची गाणी गाते. मेळाव्याच्या जेवणाच्या वेळापत्रकाभोवती तो चौकट म्हणून टाकणं शोभत नाही.

वारली चित्र हवंच असेल तर तालुक्यातल्या वारली चित्रकाराकडून आपल्या घराचं चित्र काढून घ्यावं: ओटा, विहीर, मिरचीचं शेत, आंब्याखालची खाट. मोबदला आधी ठरवावा, कार्डाच्या मागे चित्रकाराचं नाव घालावं आणि ते चित्र पुढे कशाकशावर छापणार हे त्यांना विचारावं. कुटुंब स्वतः वारली असेल तर प्रश्नच मिटला. घरातल्या जाणत्या बाईने बांबूच्या काडीचं टोक ठेचून हात चालवावा. भिंतीवर तांदळाचं पीठ चालतं, पण घडी पडणाऱ्या कार्डावर ते खपलीसारखं निघू शकतं. तिथे पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये थोडा डिंक मिसळलेला बरा. गेरूच्या रंगाचं कार्ड तयार मिळतं.

मिरचीच्या शिक्क्याची कृती सोपी आहे, पण घाईची नाही. घट्ट, ताजी ढोबळी निवडावी. धारदार सुरीने एका दमात आडवी कापावी, करवतीसारखी सुरी चालवली तर कड दातरी येते. बिया आणि आतला पांढरा भाग काढून टाकावा, नुसती कड ठेवावी. काप वर्तमानपत्रावर पालथा घालून अर्धा तास पाणी निथळू द्यावं. रंगात बुचकळू नये. ताटलीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवून त्यावर दाट रंग पसरावा आणि त्यावर काप टेकवावा. पहिला ठसा रद्दीवर, दुसरा-तिसरा कार्डावर. आठ-दहा ठशांनंतर कड मऊ पडते, तेव्हा पातळसा काप काढून टाकला की खाली नवी कड मिळते. तिखट मिरचीच्या वाटेला मुलांना जाऊ देऊ नये. रंगाचा हात डोळ्याला लागलाच तर ढोबळीवर निभावतं.

कागदाचा हिशेब असा. ए-४ आकाराच्या एका कागदातून ए-६ ची चार कार्डं निघतात, म्हणजे शंभर कार्डांना २५ कागद, आणि बिघडणारे धरून ३०. २५० ते ३०० जीएसएमचा कागद कार्डासारखा ताठ राहतो. घरचा छोटा प्रिंटर एवढा जाड कागद ओढताना अडतो, म्हणून त्याच्या पुस्तिकेत कागदाची मर्यादा पाहावी किंवा मजकूर जवळच्या डीटीपीवाल्याकडून छापून आणावा आणि शिक्के घरी मारावेत. कापायचं कामही त्याच्याच यंत्रावर करून घ्यावं. कात्रीने शंभर कार्डं सरळ कापणारा माणूस घराण्यात एखादाच असतो आणि त्याला त्या दिवशी वेळ नसतो. चकचकीत आर्ट कार्डावर पोस्टर कलर नीट धरत नाही, मॅट किंवा क्राफ्ट कागद घ्यावा. हातकागद सुंदर दिसतो, पण त्याच्या खरबरीत अंगावर बारीक अक्षर तुटतं. जाड शिक्क्यासाठी तो उत्तम.

अक्षरांचं दुखणं वेगळं. घरी मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. पुष्कळ डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टांत काम करतात, तिथे तो चिकटवला की जोडाक्षरं विस्कटतात. मजकूर पुन्हा टाइप होणार असेल तर छापण्याआधीची प्रत वाचल्याशिवाय हो म्हणू नये. ‘येणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र नीट उठलाय का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हे खास पाहावं. मुक्ता, बालू असे मराठी चांगलं लिहिणारे फॉन्ट फुकट मिळतात. एकाच कार्डावर चार फॉन्ट वापरण्याचा मोह मात्र आवरावा. ‘त्र’ टाइप करता येत नाही म्हणून ‘ञ’ घातलेलं ‘निमंञण’ आणि रफार सरकलेला ‘आर्शिवाद’ ही दोन भुतं हल्ली कितीतरी कार्डांवर भेटतात. शेवटचं वाचन अशा माणसाला द्यावं ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही, आणि नावांचं वाचन त्या त्या फांदीतल्या माणसाला. आजोबांचं नाव चुकलं तर मिरचीची फुलं कितीही गोड असोत, बोलणी बसतातच.

कार्डं तीन वाटांनी जातात. जवळच्यांना हातात. वाणगाव, चिंचणी, बोईसर, डहाणू इथल्या घरी पत्रिका घेऊन जावं आणि देताना शक्यतो दोन पिढ्यांनी जावं, एक वडीलधारं आणि एक कॉलेजातलं. देवाला आणि गावदेवीला ठेवायची पहिली पत्रिका यातच धरावी.

लांबच्यांना टपालाने. ए-६ चं ३०० जीएसएम कार्ड पाच ग्रॅमच्या आत बसतं, पाकिटासकट साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात आरामात. त्या टप्प्याला गेली कित्येक वर्षं पाच रुपये पडतात. शिक्के जाड झाले किंवा आत जास्तीच्या चिठ्ठ्या घातल्या तर एक पाकीट टपाल कार्यालयात तोलून घ्यावं. पोच हवी असलेल्यांसाठी आता स्पीड पोस्टच, कारण रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच मिसळलं आहे. हौस असेल तर टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत स्वतःचा फोटो घातलेली बारा तिकिटांची पानं करून मिळतात, आणि आजीचा फोटो असलेलं तिकीट लावलेलं पाकीट कोणी फेकत नाही. आणखी एक गंमत. साधं पोस्टकार्ड पन्नास पैशांत जातं, छापील मजकुराचं असेल तर सहा रुपये पडतात. मजकूर हाताने लिहिण्याची बक्षिसी टपाल खातंसुद्धा देतं म्हणायची. पत्त्यात पिन कोड विचारून लिहावा. वाणगाव, बोईसर, चिंचणी यांचे पिन वेगवेगळे आहेत. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पिनची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची, आणि ते संस्कृतचे कवी होते.

तिसरी वाट व्हॉट्सअॅपची. फोटो म्हणून पाठवलं तर चित्र दबतं, बारीक अक्षर पुसट होतं. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवावी आणि खाली तारीख, वेळ, जागा साध्या मजकुरात पुन्हा लिहावी. ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नये. ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही, आणि दुरावलेले नातेवाईक नेमके तेच असतात. दीडशे जणांच्या ग्रुपवर एकदा टाकून मोकळं होण्यापेक्षा प्रत्येक फांदीतल्या एका माणसावर पंधरा-वीस फोनांची जबाबदारी टाकावी. किती जण येणार हा आकडाही त्यानेच द्यावा. स्वयंपाक करणाऱ्याला ‘अंगठे किती आले’ हे सांगून पोहे भिजत नाहीत.

इतकं करूनही कोणीतरी राहतंच. मेळावा चार दिवसांवर आला की चिंचणीहून किंवा सफाळ्याहून फोन येतो, आम्हाला कळलंच नाही म्हणून. त्यासाठी दहा-पंधरा कोरी कार्डं, पाकिटं आणि तिन्ही रंगांच्या बाटल्या बाजूला ठेवाव्यात. फोनवर वाद घालू नये, भिंतीवरच्या रोलवर त्यांची जागा शोधावी, मागच्या चार ओळी लिहाव्यात आणि त्याच संध्याकाळी कोणाला तरी बाइकवर धाडावं. शिक्क्यासाठी मिरची मात्र नवी कापावी. फ्रिजमधली आदल्या आठवड्याची कडेने सुरकुतते, आणि फुलाच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता डाग उठतो.